भुकेल्यांना घातलेल्या अटी

एखाद्या घरात अन्नाची असुरक्षितता आहे, म्हणजे ते घर रोज उपाशी झोपते असे नाही. पुढच्या महिन्यात, पुढच्या आठवड्यात, कधीकधी त्याच दिवशी संध्याकाळी चूल पेटेल की नाही याची खात्री नसणे, ही त्या अवस्थेची सुरुवात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने ती मोजण्यासाठी आठ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली आहे. गेल्या वर्षभरात पैशांअभावी पुरेसे अन्न मिळणार नाही अशी काळजी वाटली का, हा तिच्यातला पहिला प्रश्न. पुढे पौष्टिक अन्नाला मुकावे लागले का, तेच ते मोजके पदार्थ खावे लागले का, एखादे जेवण टाळावे लागले का, कमी खावे लागले का, घरातले अन्न संपले का, भूक असून खाता आले नाही का, असे विचारत ती दिवसभर काहीच न खाता राहावे लागले का, इथवर पोचते. काळजी सर्वांत आधी आणि उपास सर्वांत शेवटी, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. सरकारी यंत्रणेचे लक्ष बहुधा शेवटच्या पायरीवर जाते. तोवर मधल्या सगळ्या पायऱ्या ते घर एकट्याने उतरलेले असते.

महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात, म्हणजे सोलापूर, नगर, बीड, धाराशिव आणि सातारा-सांगलीचा पूर्व भाग इथे, या पायऱ्या पिढ्यान्‌पिढ्या परिचयाच्या आहेत. आधी ताटातले कालवण जाते आणि भाकरीसोबत नुसती चटणी उरते. मग भाकऱ्या मोजून होऊ लागतात, पिठात पाणी वाढते, आंबील आणि कण्यांवर दिवस निघतात. घरातल्या बाईचे जेवण एरवीही सर्वांच्या मागून असते, त्यामुळे तुटीचा पहिला घास तिच्याच ताटातून कमी होतो. पुढे शेजारपाजारची उसनवारी, सावकाराकडून दिढीने धान्य, शेळ्या-कोंबड्यांची विक्री, भांडी आणि चांदी गहाण. बैल शेवटपर्यंत राखले जातात. बैल गेले की पाऊस पडूनही पेरणी होणार नाही हे शेतकऱ्याला माहीत असते आणि त्यांच्यासाठी घरची माणसे अर्धपोटी राहतात. विकायची पाळी आलीच, तर आसपासच्या सगळ्यांनीच जनावरे बाजारात आणलेली असतात. जनावरांचा भाव कोसळतो आणि त्याच बाजारात धान्याचा भाव चढतो. एका बैलात एरवी आले असते त्याच्या निम्मेही धान्य पदरात पडत नाही.

अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून १९८१ साली हीच गोष्ट सिद्धान्त म्हणून मांडली. बाजारात धान्य असूनही ते घेण्याची ऐपत गेली की माणसे मरतात. पाऊस फसला की शेतमजुराचे काम पहिल्यांदा जाते आणि कामाबरोबर धान्य विकत घेण्याची ताकद जाते. म्हणून दुष्काळात धान्याची गाडी आणणे जितके महत्त्वाचे, तितकेच मजुराच्या हातात मजुरी पडणे.

मदत मागायला घराबाहेर पडणे ही या क्रमातली बरीच उशिराची गोष्ट आहे. आपली गरिबी चारचौघांत उघडी पडावी असे कोणालाच वाटत नाही. दुसऱ्या बाजूला, मदत देणाऱ्याला एक शंका सतत छळत असते, ती म्हणजे समोरचा माणूस खरोखरच गरजू आहे का? या शंकेपोटी प्रत्येक काळातल्या राज्यकर्त्यांनी मदतीला काही ना काही कसोटी लावली. कधी अंतराची, कधी श्रमाची, कधी कागदपत्रांची, तर कधी बोटांच्या ठशांची. दीडशे वर्षांतले दुष्काळनिवारण तपासले तर कसोटी जितकी कडक, तितके खरे गरजू अधिक संख्येने बाहेर राहिलेले दिसतात.

१८७६ साली दख्खनेत पाऊस फसला आणि मुंबई व मद्रास इलाख्यांत १८७८ पर्यंत चाललेला भीषण दुष्काळ पडला. ब्रिटिश अमलाखालील प्रदेशात त्यात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली असे मानले जाते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी पाहणीसाठी सर रिचर्ड टेंपल यांना पाठवले. याच टेंपल यांनी १८७३-७४ मध्ये बिहार-बंगालच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ मागवून फार मोठी जीवितहानी टाळली होती. त्याबद्दल त्यांच्या वाट्याला कौतुक आले नाही, सरकारी पैशाची उधळपट्टी केल्याचा ठपका आला. दख्खनेत ते आले तेव्हा खर्च कमीत कमी ठेवायचा हे ठरलेले होते. दुष्काळी कामावरच्या पुरुष मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्य आणि एक आणा, बायका-मुलांना त्याहून थोडे कमी, असे प्रमाण त्यांनी ठरवले. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी याला जोरदार विरोध केला. दिवसभर माती-दगड उपसणाऱ्या शरीराला किमान दीड पौंड धान्य आणि जोडीला डाळ, भाजी हवीच, असे त्यांचे म्हणणे होते. १८७७ च्या मार्चमध्ये मद्रासेत मजुरी काही प्रमाणात वाढवावी लागली. तोवर कामांवरची कितीतरी माणसे खंगून गेली होती.

मुंबई इलाख्यात याहून त्रासदायक ठरली ती अंतराची अट. धडधाकट माणसाला स्वतःच्या गावापासून दहा मैलांच्या आत काम द्यायचे नाही, म्हणजे केवळ गरजूच तेवढ्या लांब येतील, असा त्यामागचा हिशेब. गावाजवळची छोटी कामे बंद करून लोकांना दूरच्या मोठ्या छावण्यांत पाठवण्यात येऊ लागले. त्या दहा मैलांचा अर्थ दुष्काळातल्या कुटुंबाला वेगळाच लागत होता. म्हातारे आईबाप कोणाच्या भरवशावर ठेवायचे, उरलेल्या बैलाला पाणी कोण पाजणार, पाऊस आलाच तर पेरणीला कोण हजर असणार? छावण्यांत पटकीची साथ पसरण्याची भीती होती, ती वेगळीच. १८७७ च्या सुरुवातीला हजारो मजुरांनी कमी केलेली मजुरी आणि दूरच्या छावण्या नाकारून कामे सोडली. भुकेल्या माणसांनी मदतच नाकारावी, यावरून ती मदत किती अपमानाची आणि अपुरी वाटत असेल याची कल्पना येते. पुणे सार्वजनिक सभेने, विशेषतः गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने, या मजुरांची बाजू सरकारपुढे मांडली. गावोगावच्या परिस्थितीची माहिती गोळा करून ती लेखी स्वरूपात पाठवण्याचे सभेचे काम हे आपल्याकडच्या दुष्काळ-अभ्यासाचे अगदी आरंभीचे उदाहरण म्हणावे लागेल. दौंड-मनमाड लोहमार्ग आणि नीरेचा डावा कालवा या काळच्या दुष्काळी मजुरांच्या श्रमांतून उभे राहिले. त्या मार्गाने जाणाऱ्या प्रवाशांपैकी फारच थोड्यांना हे ठाऊक असते.

१८७७ मध्येच जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी पुण्याजवळ धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम काढून दुष्काळग्रस्त मुलांच्या जेवणाची सोय केली. सावित्रीबाई एप्रिल १८७७ मध्ये जुन्नर भागात ओतूरला होत्या. तिथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी गाव सोडून चाललेल्या माणसांचे आणि मदतकार्याचे वर्णन केले आहे. आश्रमात जेवायला येणाऱ्या मुलाकडून आधी मैलभर माती उपसून घ्यावी, असे तिथे कोणाच्या मनात आले नाही.

या दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा नमुना तयार झाला. धान्याचे भाव एकदम चढणे, भटकणाऱ्या आणि भीक मागणाऱ्या लोकांची संख्या वाढणे, गावे ओस पडू लागणे, अशा खुणांवर अधिकाऱ्यांनी आधीपासून लक्ष ठेवावे, धडधाकट लोकांना काम आणि दुबळ्यांना फुकट अन्न द्यावे, असा या संहितेचा गाभा होता. पिकाची आणेवारी काढून सारा तहकूब करण्याची पद्धतही याच व्यवस्थेचा भाग झाली, पुढे अनेक वर्षे पन्नास पैशांपेक्षा कमी पैसेवारी (जुनी आणेवारी) आली की गावात टंचाईच्या सवलती लागू होत. संहिता कागदावर चांगली होती, पण ती शेतकऱ्याला ठाऊक असण्याची कोणाला गरज वाटली नव्हती. १८९६ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून आणि सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांमार्फत संहितेतल्या तरतुदी गावोगाव समजावून दिल्या. अन्न मिळणे ही सरकारची कृपा नसून त्याला नियमाचा आधार आहे, हे शेतकऱ्याला कळणे सरकारला रुचले नाही आणि १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेण्यात आली.

महाराष्ट्राच्या स्मरणात आज जिवंत असलेला दुष्काळ मात्र १९७२ चा. दोन वर्षे पाऊस आधीच कमी पडला होता, ७२ साली तो जवळजवळ गेलाच. ज्वारी-बाजरीच्या पट्ट्यात पिकांची इतकी हानी झाली की दरडोई धान्याचे प्रमाण त्याच काळात आफ्रिकेतल्या साहेल भागात पडलेल्या दुष्काळातल्या प्रमाणापेक्षाही खाली गेले. तरीही साहेलसारखी मृत्यूंची लाट इथे आली नाही. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने काढलेली दुष्काळी कामे हे त्याचे मुख्य कारण. १९७३ च्या मे महिन्यात या कामांवरच्या मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली होती. दुष्काळी मजुरांची एवढी मोठी फौज देशात त्याआधी क्वचितच उभी राहिली असेल. मजुरी हातात आल्यामुळे लोक धान्य विकत घेऊ शकले, आणि गिऱ्हाईक दिसल्यावर आंतरराज्य निर्बंध असूनही खासगी धान्य इथवर येत राहिले. सरकारी रेशनवर मिळणारे धान्य गरजेच्या मानाने तोकडेच होते.

ही कामे म्हणजे पाझर तलाव, नाल्यांवरचे बांध, शेतांची बांधबंदिस्ती, रस्ते आणि खडी. खडी फोडणे हे त्या दुष्काळाचे चित्रच होऊन बसले आहे. उन्हात डोक्याला पदर गुंडाळून हातोडीने दगड फोडणाऱ्या बायका आणि शेजारी झाडाला किंवा तीन काठ्यांना टांगलेली झोळी. मजुरी कामाच्या मोजमापावर मिळत असल्याने ज्याच्या अंगात त्राण कमी, त्याच्या हाती पैसेही कमी. हजेरीपटावर नाव चढणे, मुकादमाने बरोबर माप लावणे, आठवड्याचा पगार वेळेत येणे, या तीन गोष्टींवर घराची चूल अवलंबून असे. पगार लांबला की किराणा दुकानदाराकडे उधारी आणि उधारीवर चढा भाव, म्हणजे केलेल्या कामाची किंमत पोटात जाण्याआधीच घटलेली. कामावर वाटल्या जाणाऱ्या सुकडीचे मोल यामुळेच होते. भाजलेल्या धान्याचा तो गोडसर कोरडा खाऊ त्याच दिवशी, त्याच जागी, पोटात जात असे. रेशनवर मिळणाऱ्या अमेरिकी मिलोची, त्या लालसर ज्वारीची, भाकरी घशाखाली उतरत नसे. पण वर्ष निघाले ते तिच्यावरच. मराठवाड्यात बरबड्यासारख्या रानगवताचे बी गोळा करून, दळून त्याची भाकर खाल्ल्याच्या आठवणीही वडीलधाऱ्यांकडून ऐकायला मिळतात.

या कामांवर केवळ भूमिहीन आले नाहीत. वीस-पंचवीस एकरांचे धनी, कधी दुसऱ्याच्या बांधावर न गेलेल्या घरांतल्या सुना, यांनाही टोपली उचलावी लागली. काहींनी शेजारच्या गावातले काम शोधले, ओळखीचे तोंड दिसू नये म्हणून. सगळे गावच कामावर आहे हे दिसल्यावर ती लाज बरीच ओसरली. मदत सर्वांसाठी खुली असली की ती घेण्यातला कमीपणा जातो, हे ७२ मध्ये ठळकपणे दिसले आणि पुढच्या धोरणकर्त्यांनी ते पुरेसे मनावर घेतले नाही, असेच म्हणावे लागते. भूक सर्वांना एका रांगेत आणत असली तरी पाणवठा आणत नव्हता. आटत चाललेल्या विहिरींवर दलितांना शेवटी आणि दुरून पाणी मिळत होते. बाबा आढाव यांची ‘एक गाव, एक पाणवठा’ ही चळवळ याच काळातली.

मुंबईत दुष्काळ महागाईच्या रूपाने आला. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांच्या नेतृत्वाखाली पक्षभेद बाजूला ठेवून बायकांनी महागाई प्रतिकार समिती उभी केली. लाटणी आणि थाळ्या घेऊन निघालेले त्यांचे मोर्चे रेशनवर धान्य, तेल आणि रॉकेल वेळेवर व पुरेसे मिळावे यासाठी होते.

याच अनुभवातून रोजगार हमी योजना घडली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात साठच्या दशकातच या कल्पनेचा प्रयोग केला होता. दुष्काळाने तिला राज्यभर पाठबळ मिळवून दिले. १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मजुराने काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते द्यायचे, शक्यतो गावाच्या आसपास द्यायचे, नाही दिले तर बेकारी भत्ता द्यायचा. टेंपल यांच्या काळातल्या दहा मैलांच्या अटीच्या अगदी उलट दिशेचा हा विचार होता. पैशांसाठी शहरांतल्या पगारदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवण्यात आला. पुण्या-मुंबईच्या पगारपत्रकात आजही दिसणाऱ्या त्या कपातीचा उगम इथे आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, सरपंचाची शिफारस यांपैकी काहीही न मागता, जो अंगमेहनत करायला तयार आहे त्याला काम द्यायचे, एवढी एकच कसोटी या योजनेत होती. योजनेच्या कामांवर बायकांची संख्या कायम मोठी राहिली. केंद्राने २००५ साली केलेल्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याला महाराष्ट्राचा हा अनुभव मार्गदर्शक ठरला.

श्रमाच्या कसोटीलाही मर्यादा होत्याच. अपंग, आजारी, दिवस भरत आलेली बाई, सत्तरीचा म्हातारा यांना खड्डा खणणे जमत नाही. जुन्या योजनेत काम सुरू करायला साधारण पन्नास मजूर जमावे लागत, त्यामुळे चार-सहा घरांच्या वाडीला काम मिळणे अवघड जाई. मजुरी आठवडेच्या आठवडे थकण्याचे दुखणे ७२ पासून बँक खात्यांच्या काळापर्यंत तसेच चालत आले आहे. भूक आठ आठवडे थांबत नाही, म्हणून गरजू माणूस सरकारी कामापेक्षा रोख पैसे देणारा ठेकेदार किंवा उचल देणारा मुकादम पसंत करतो आणि ऊसतोडीच्या कर्जात अडकतो.

आज अन्नमदतीचा मुख्य आधार रेशन हाच आहे. १९९७ पर्यंत रेशन बहुतांशी सर्वांसाठी होते, मग ते गरिबांपुरते करण्यात आले. महाराष्ट्रात १९९९ पासून पिवळी, केशरी आणि पांढरी अशी तीन रंगांची कार्डे आली. वर्षाला पंधरा हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असलेले घर पिवळ्या कार्डाला पात्र धरले गेले. पंधरा हजार म्हणजे महिन्याला साडेबाराशे. रोजंदारीवर राबणारे नवरा-बायको दोघे मिळून ही रेषा सहज ओलांडत, आणि ओलांडली नाही असे सिद्ध करणारा दाखला मिळवणे हेच गरिबाला अवघड होते. ज्याची तलाठ्याशी ओळख, त्याला पिवळे कार्ड मिळाले, अशी गावोगाव तक्रार झाली.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब, कुटुंबाला ३५ किलो धान्य हा हक्क ठरवला. तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये, भरड धान्य एक रुपया असे दर होते, जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ७ कोटी लाभार्थ्यांची मर्यादा आली. ती २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे. त्यानंतर जन्मलेली मुले, वेगळ्या झालेल्या चुली, शहरात आलेली कुटुंबे यांना तहसील कार्यालयात ‘इष्टांक शिल्लक नाही’, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत जागा नाही, हे उत्तर ऐकावे लागते. पात्रता आहे, कार्ड आहे, पण धान्य नाही, ही अवस्था त्यातून येते.

दुसरी कसोटी बोटांची. रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर अंगठा जुळला तर धान्य मिळते. विटा वाहून, भांडी घासून, ऊस तोडून ज्यांच्या बोटांवरच्या रेषाच पुसट झाल्या आहेत, त्यांचा अंगठा नेमका जुळत नाही. म्हणजे ज्याने सर्वांत जास्त कष्ट केले, त्यालाच यंत्र ओळखत नाही. नेटवर्क नसले तर उद्या या, असे सांगितले जाते. उद्या येणे म्हणजे आणखी एक रोज बुडवणे. दिवाळीच्या सुमारास बीडहून सहा महिन्यांसाठी निघणाऱ्या ऊसतोड कुटुंबांची कार्डे गावात आणि माणसे कारखान्यावर असतात. एका राज्यातले कार्ड देशभर कुठेही चालण्याची सोय आता झाली आहे, पण फडावर राहणाऱ्या माणसाला जवळचे दुकान किती लांब आहे, तो दुकानदार परक्या कार्डावर धान्य द्यायला तयार आहे का, यावर ती सोय उपयोगी पडणे ठरते. पारधी व इतर भटक्या समाजांना तर पत्त्याच्या पुराव्यापासूनच अडते, आणि नवऱ्याने टाकलेल्या बाईचे नाव बहुधा सासरच्याच कार्डावर राहिलेले असते.

२०२० च्या करोना टाळेबंदीत कार्ड नसलेल्यांचे प्रमाण किती मोठे आहे हे अचानक सर्वांच्या डोळ्यांपुढे आले. नाक्यावरचे मजूर, भाड्याच्या खोल्यांत दाटीने राहणारे कामगार, घरकाम करणाऱ्या बायका यांना शिजवलेल्या अन्नाच्या रांगेत उभे राहावे लागले. त्याच वर्षी २६ जानेवारीला राज्यात दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली होती. टाळेबंदीत तिचा दर पाच रुपये आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेत काही काळ शून्य झाला. दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात. रेशनकार्ड न विचारता मिळणारे हे जेवण शहरातल्या फिरत्या मजुराला कोणत्याही धान्ययोजनेपेक्षा अधिक उपयोगाचे ठरले. शिजवायला जागा, गॅस आणि भांडी नसलेल्याला पाच किलो तांदूळ देऊन त्याचे पोट भरत नाही.

मेळघाट, नंदुरबार, पालघर, गडचिरोली अशा आदिवासी भागांत अन्नटंचाईला दुष्काळ लागत नाही, ती दरवर्षी पावसाळ्यात येते. घरचे धान्य संपलेले, नवे पीक हाती यायचे, मजुरी थांबलेली, ओढे भरून रस्ते तुटलेले. या महिन्यांत आदिवासींना सावकाराच्या दारात जावे लागू नये म्हणून राज्याने १९७८ मध्ये खावटी कर्ज योजना सुरू केली. ती बरीच वर्षे रखडत चालली आणि २०२० मध्ये चार हजार रुपयांच्या, निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूप, अनुदानाच्या रूपात पुन्हा आणली गेली. गरोदर आणि स्तनदा मातांसाठी २०१५ पासून अमृत आहार योजना आहे. तिच्यात घरी शिधा दिला जात नाही, अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवण शिजवून तिथेच वाढले जाते. शिधा घरी गेला की तो सगळ्यांत वाटला जातो आणि आईच्या वाट्याला फार थोडा येतो, हा अनुभव त्यामागे होता. गरोदर बाईला पावसात चिखल तुडवत अंगणवाडीपर्यंत जावे लागते, ही या योजनेची उणीव. पाड्यापाड्यांत विखुरलेल्या वस्तीत ती उणीव मोठी ठरते.

अन्नसुरक्षा कायद्यात तक्रारीची व्यवस्था आहे. गाव आणि तालुका पातळीवर दक्षता समित्या, जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी, राज्यात अन्न आयोग. हक्काचे धान्य मिळाले नाही तर त्याबदली अन्नसुरक्षा भत्ता देण्याची तरतूदही आहे. लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेत वाचून दाखवायची असते, दुकानावर साठ्याचा आणि दरांचा फलक लावायचा असतो. प्रत्यक्षात पावती न देता दोन-चार किलो कमी मापणाऱ्या दुकानदाराविरुद्ध त्याच गावात राहणाऱ्या मजूर बाईने लेखी तक्रार करावी, हे सोपे नसते. मुंबईतली रेशनिंग कृती समिती आणि गावोगावच्या कष्टकरी संघटना या ठिकाणी उपयोगी पडतात. त्यांचे कार्यकर्ते अर्ज भरून देतात, माहितीच्या अधिकारात दुकानाला आलेल्या धान्याचा हिशेब मागवतात आणि पंधरा-वीस बायकांना एकत्र घेऊन तहसीलदारांकडे जातात.